मावशींचा खळगा

मी आज जो काही आहे तो माझ्या दिल्लीतल्या मावशींमुळे आहे, आणि कागदावर त्यांच्याइतका डूख धरून बसलेली आर्किटेक्ट दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद सगळं पालथं घातलं तरी सापडणार नाही. त्या माझ्या आईच्या बहीण नाहीत. आईची सख्खी बहीण रिसोडजवळच्या खेड्यात असते आणि दिल्ली म्हणजे टीव्हीवरच्या बातम्या एवढंच तिला ठाऊक आहे. या मावशी म्हणजे नोएडातल्या आमच्या छोट्या ऑफिसच्या सल्लागार. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, जन्म दिल्लीचा, लहानपण सरकारी क्वार्टरमधलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून पहिल्या दिवशी मीही म्हटलं. त्या म्हणाल्या, "ऑफिसात मॅडम चालेल. गेटच्या बाहेर मावशी. मराठी मुलाने मॅडम म्हटलं ना, की मला वाटतं इन्कम टॅक्सची नोटीस आली." नकाशे काढण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी कागदाचा असा राग करावा, याचं मला फार आश्चर्य वाटे. विचारलं तर म्हणत, "कागदावर सगळं मावतं रे. माणूस सोडून."

त्यांचा विश्वास फक्कीवर. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या, खो-खोच्या रेघा आखायला वापरतात ती पांढरी भुकटी. मावशींच्या खांद्याला एक खाकी पिशवी कायम लटकलेली असे आणि तिच्यात फक्कीचा डबा, सुतळीचं रीळ, लाकडी खुंट्या, आणि मध्येच कुठे तरी फडक्यात बांधलेलं थालीपीठ. थालीपीठाला थोडी फक्की लागलेली असायची. ते त्या झटकून खात आणि आम्हालाही देत. कोणतीही वास्तू, वाट, पायरी किंवा बाक जमिनीवर पूर्ण मापाने आखून, त्यावरून चालून, बसून, वळून पाहिल्याशिवाय त्या तिला मान्यता देत नसत. सकाळी ऑफिसात आल्यावर इतर लोक विचारतात तसं "कसा आहेस" हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्या विचारत, "आज कुठून चालत आलास?" मेट्रोने आलो म्हटलं की नापास.

मी नोकरी मागायला गेलो तेव्हा माझ्या हातात नकाशांची एक गुंडाळी होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. रिसोडची मराठी शाळा, मग अमरावतीचं कॉलेज. बाबा मार्केट यार्डात हमाली करतात. ज्या खांद्यावर त्यांनी तुरीची पोती वाहिली त्याच खांद्यावर ती गुंडाळी त्यांनी अकोल्याच्या स्टेशनपर्यंत आणली होती, आत काचेचं सामान असल्यासारखी. आमच्या ऑफिसच्या मालकांनी नकाशे पाहून मान डोलावली. कोपऱ्यात बसलेल्या मावशींनी मात्र एका बागेतल्या वाटेवर बोट ठेवून विचारलं, "ही किती रुंद?" मी माप सांगितलं. "माप नको. दाखव." माझ्या हातात फक्कीचा डबा देऊन त्या मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. मी रेघा मारल्या. मग त्यांनी अकाउंट्सच्या बन्सलजींना हाक मारली. बन्सलजी प्रकृतीने भरभक्कम. एका टोकाकडून ते निघाले, दुसऱ्या टोकाकडून मावशी, त्यांच्यामागून मी. आम्ही तिघे मध्यावर भेटलो आणि तिथून पुढे कुणालाच जाता येईना. बन्सलजी कळवळून म्हणाले, "मैडम, हर इंटरव्यू में मुझे ही क्यों अड़ाती हैं आप?"

मला वाटलं, आता परतीच्या गाडीची वेळ बघावी. मावशी हात झटकत म्हणाल्या, "वाट चुकलास. पण रेघ सरळ मारलीस. कुठे शिकलास?" मी खरं ते सांगितलं, की शाळेत कबड्डीचं मैदान मीच आखायचो. त्या मालकांकडे वळल्या. "याला ठेवा. याला जमिनीवर काढता येतं." माझ्या पदवीचा विषयच निघाला नाही.

मावशींच्या या सवयीची सगळ्यात जास्त झळ काकांना बसली. काका म्हणजे मावशींचे यजमान, तेही केंद्र सरकारातून निवृत्त. अतिशय शांत, आणि बोलले तर एकच वाक्य बोलणारे. मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल घ्यायचं ठरलं तेव्हा मावशींनी ते आधी रांगोळीने फरशीवर आखलं, खुर्च्यांसकट. रोज पुसलं गेलं की रोज पुन्हा. कित्येक आठवडे काका त्या नसलेल्या टेबलाला वळसा घालून पाणी प्यायला जात होते. एकदा घाईत ते रेघेवरून गेले तर मावशी आतून ओरडल्या, "अहो, लागेल!" शेवटी मावशींनी निकाल दिला की टेबल बिल्कुल नको, जागा मोकळीच बरी. काका मला म्हणाले, "टेबल न घेताच आम्ही टेबलाचे सगळे तोटे भोगले."

पुढे ही कीर्ती नातेवाइकांत पसरली. गुरुग्रामला भाचीच्या उंच इमारतीत वास्तुशांतीला गेल्या, तर सत्यनारायण राहिला बाजूला आणि मावशी लॉबीत सोफा कुठे हलवला तर बाबागाडी सुखाने जाईल हे फक्कीने आखत बसल्या. गार्ड धावत आला, "मैडम, लॉबी में पूजा अलाउड नहीं है." गाझियाबादला एका लग्नात जेवणाच्या रांगेत चेंगराचेंगरी होईल म्हणून त्यांनी हॉलच्या फरशीवर रांगेची वाट आखून दिली. लोक खरोखर रेघेमागून चालू लागले. फक्त एक रेघ चुकून भटारखान्यात गेली होती. मुलाकडची काही वडीलधारी मंडळी निमूटपणे तिच्यामागून आत पोचली आणि आचाऱ्याने त्यांना तिथेच पाट मांडून वाढलं. त्यांच्या मते त्या लग्नात सगळ्यात गरम जिलेबी त्यांनाच मिळाली.

दिल्लीच्या पहिल्या थंडीत मी एका स्वेटरवर आलो होतो. ते मावशींच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी काकांचा काळा बंदगळा कोट माझ्या अंगावर चढला. काकांनी तो सरकारी समारंभांत घातलेला. भारी लोकर, गळ्यापर्यंत बटणं, बाह्या जरा लांब. त्या कोटात मी मला वेगळाच कुणी तरी वाटू लागलो. नोएडाच्या सेक्टरांतले गार्ड माझ्याकडून रजिस्टरमध्ये नाव न लिहवून घेता गेट उघडू लागले. एकाने तर सलाम ठोकला. मी त्याला वाकून नमस्कार केला, तसा तो गोंधळला. या कोटाने पुढे काय घडवलं ते आता सांगतो.

यमुनेच्या काठी एक जुनी बाग होती, तिच्या दुरुस्तीचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. नदीकाठी असून तिथून नदी दिसत नव्हती, कारण मध्ये भिंत होती. भिंतीच्या अलीकडे कुणी कुणी आणून टाकलेला विटा-मातीच्या मलब्याचा डोंगर, विलायती कीकरची, म्हणजे वेड्या बाभळीची काटेरी झाडी, गंजलेले झोके, आणि नळ चोरीला गेलेली पाणपोई. माणसं म्हणावीत तर एक पत्त्यांचा अड्डा. निवृत्त म्हातारे कडुलिंबाच्या पारावर दिवसभर पत्ते कुटायचे. त्यांचे म्होरके चौधरी ताऊ, मूळचे हरियाणाचे, आवाज असा की त्यांनी बदाम टाकला तर पलीकडच्या काठाला कळावं. बागेच्या टोकाला भिंत पडून खिंडार झालं होतं आणि त्याच्या आत मोठा खळगा होता. पावसाळ्यात नदी चढली की तिचं पाणी खिंडारातून येऊन त्या खळग्यात बसायचं. एरवी तिथे गवत, थोडी ओल, बगळे आणि ओरडणाऱ्या टिटव्या.

सगळी बाग बघून झाल्यावर मावशी त्या खळग्याच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "या बागेत धड एवढीच एक गोष्ट आहे."

पण ज्या खात्याची ती बाग होती तिथल्या मोठ्या साहेबांना नेमका तोच खळगा भरायचा होता. मलबा खळग्यात ढकलायचा, वर फरशा आणि मधोमध संगीताच्या तालावर नाचणारा फव्वारा. मलबाही जाईल आणि खळगाही जाईल, असा त्यांचा सोयीचा हिशेब. मावशी मीटिंगमध्ये पुष्कळ बोलल्या. यापूर्वी खळग्याचा अर्धा भाग असाच कुणी तरी भरला होता, तेव्हा पुराचं पाणी रस्ता ओलांडून समोरच्या सखल गल्लीतल्या घरांत शिरलं होतं आणि तिथली माणसं मुलाबाळांसकट उड्डाणपुलाखाली राहिली होती; मग तो भराव काढावा लागला होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नकाशावर लाल पेनाने गोल काढला. "फव्वारा यहाँ."

"आपने जगह देखी है?" मावशींनी विचारलं.

"बिल्कुल देखी है, मैडम. सैटेलाइट पर."

परतताना मेट्रोत मावशी गुडघे चोळत बसल्या होत्या. हे त्यांचं शेवटचं काम होतं. गुडघ्यांनी दगा दिला होता, मुलगी पुण्याला बोलावत होती, आणि पावसाळ्यापूर्वी दोघांनी दिल्ली सोडायची असं घरात ठरलं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "जन्मभर मी सरकारी इमारती बांधल्या. त्यातली एकही कुणाला आठवत नाही, ठीक आहे. पण हा खळगा बुजला आणि खाली माझी सही असली, तर पुण्यात मला झोप नाही येणार." घरी गेल्यावर काकांना समजावू लागल्या, "नदीला वर्षातून काही दिवस हातपाय पसरायला जागा लागते हो. पाहुण्यांसाठी एक खोली मोकळी ठेवतो ना आपण?"

"ठेवतो," काका म्हणाले. "पण तिच्यात तुझ्या फक्कीच्या गोण्या आहेत."

त्या गोण्याच उपयोगी पडल्या. साहेब जागेवर यायला तयार नाहीत म्हटल्यावर मावशींनी ठरवलं, की निदान आपण तरी सगळी बाग पूर्ण मापाने आखून बघू आणि शेवटच्या मीटिंगला त्या भरवशावर जाऊ. थंडीतली एक संध्याकाळ. मावशी शाल गुंडाळून घडीच्या खुर्चीत, काका सुतळीचं टोक धरून उभे, आणि मी फक्की मारत पळतोय. वाटा, पायऱ्या, बाक, आणि नदी कुठवर येते ती रेघ. मी विचारलं, "मावशी, फव्वारा?" "तोही आख. त्यांच्या मापाने. फेअर नको का व्हायला, यार?" तेव्हा खळग्याच्या तोंडाशी मी एक प्रचंड वर्तुळ काढलं. पत्तेवाल्यांनी डाव थांबवून आमच्याभोवती कडं केलं होतं.

"छोरे, यो कबड्डी का मैदान सै के?" ताऊंनी विचारलं.

"नहीं ताऊ, फव्वारा है."

"फेर तो म्हारे पत्ते भीजेंगे," ताऊ म्हणाले आणि तिथल्या तिथे फव्वाऱ्याचे विरोधक झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात रेघा टिकल्या आहेत का ते पाहायला मी लवकर गेलो. अंगात काकांचा बंदगळा, हातात मोजायची टेप. तेवढ्यात बागेचा सुपरवायझर स्कूटरवरून आला. त्याने पांढऱ्या रेघा पाहिल्या. त्याने माझा कोट पाहिला. स्कूटर तिथेच टाकून तो जवळजवळ धावत माझ्याकडे आला. आता दिल्लीत राहणाऱ्याला हे सांगायला नको, की तिथे रस्त्याच्या कडेने ताज्या चुन्याची रेघ दिसली की कुणी तरी फार मोठा माणूस येणार असतो. पण मी रिसोडचा. आमच्याकडे पांढरी रेघ म्हणजे कबड्डी.

"सर, कब का प्रोग्राम है?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"कसला... नहीं, कोई प्रोग्राम नहीं है. कोई नहीं आ रहा."

त्याचे डोळे चमकले. "समझ गया, सर. सिक्योरिटी."

"अहो, सच में कोई नहीं आ रहा."

"बिल्कुल नहीं आ रहा, सर," तो म्हणाला आणि फोन काढून झाडाआड गेला.

त्याने वरच्याला कळवलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. 'नक्की कोण येणार आहे' असं कुणीच कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर आपल्याला कळवलेलं नाही हे उघड होणार. धुकं विरायच्या आत झाडूवाल्यांची फौज आली. पाठोपाठ ट्रक आले आणि जो मलबा हलावा म्हणून मावशी कित्येक महिने अर्ज करत होत्या तो ते भराभर भरून नेऊ लागले. झेंडूच्या कुंड्या आल्या. पाणपोईला नळ आला, नळाला पाणीही आलं. आमच्या रेघा त्यांना जरा फिकट वाटल्या म्हणून एका माणसाने त्यावरून पुन्हा ठसठशीत चुना मारला. आणि फव्वाऱ्याचं ते वर्तुळ पाहून सगळ्यांची खात्रीच पटली. हेलिपॅड! त्याच्या आजूबाजूची वाळकी काडीसुद्धा वेचून काढण्यात आली. ताऊंच्या मंडळींना हटवायला शिपाई गेला, पण ताऊ म्हणाले, "आण दे जिसनै आणा सै, पत्ते बाँट देंगे." म्हणजे ज्याला यायचंय त्याला येऊ दे, त्यालाही पत्ते वाटू.

मावशी आणि काका ई-रिक्षातून उतरले तेव्हा गेटवर रंगाचा दुसरा हात चालू होता. "हे काय यार?" मावशी म्हणाल्या. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, त्याच्या साहेबाला सांगितलं, कॉलनीतून हार घेऊन आलेल्या मंडळींना सांगितलं, की बाबांनो, या आमच्या बागेच्या रेघा आहेत, कुणी येत नाही. सगळे आदराने हसले. काका म्हणाले, "तू खरं बोलतेस तितकी गर्दी वाढतेय. थोडं खोटं बोलून बघ."

आणि मग मोठे साहेब आले. तेच, सॅटेलाइटवाले. चकचकीत बूट, हातात पुष्पगुच्छ. पाहुणे आलेले नाहीत, परत जाणं शक्य नाही, आणि करायला काही नाही, अशी त्यांची अवस्था झाली होती. मावशींनी त्यांनाही खरं सांगितलं, त्यांनीही ते मानलं नाही. तेव्हा मावशी म्हणाल्या, "तब तक चलिए, बाग़ घूम लेते हैं." साहेब गुच्छ सांभाळत फक्कीच्या वाटांवरून चालू लागले. मावशी काठी टेकत पुढे, मागे मी, मागे ताऊ आणि त्यांचा सगळा अड्डा. वर्तुळाशी आल्यावर साहेबांनी विचारलं, "यह क्या है?"

"आपका फव्वारा."

"इतना बड़ा?"

"आपके ही नाप से है, साहब."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात गेटकडून आरडाओरडा ऐकू आला. धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर मागवला होता. धुक्याने ओल्या झालेल्या बागेत बसवायला धूळ नव्हती, पण हुकूम म्हणजे हुकूम. ड्रायव्हर पाणी सोडून चहा प्यायला गेला होता. सगळं पाणी वाटांवरून निघालं. वाटेतला चुना त्यात मिसळला आणि दुधासारखी पांढरी धार आमच्याकडे येऊ लागली. आम्ही सगळे बाजूला झालो. ती धार लिंबाच्या पाराला वळसा घालून, बाकांच्या जागा ओलांडून, फव्वाऱ्याच्या वर्तुळातून सरळ पार झाली आणि खळग्यात उतरली. बागेच्या चारी बाजूंनी लहान लहान पांढरे ओहोळ येऊन तिला मिळत होते. एक टिटवी उठली, ओरडली आणि पुन्हा बसली.

 पाण्याकडे बोट करून ताऊ म्हणाले, "साहब, इसनै तो पूरा नक्शा पढ़ राख्या सै."

मावशींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "साहब, इसे भर देंगे तो यह कहाँ जाएगा?"

साहेब मागे वळले. गेट, गेटाबाहेर उभी असलेली त्यांची गाडी, रस्ता, आणि रस्त्यापलीकडे ती सखल गल्ली. दारात एक बाई मुलीची वेणी घालत होती. साहेबांनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "मैडम, मुश्किल है. फव्वारा ऊपर से आया है."

"तो रखिए न. दूसरे चरण में."

साहेब पहिल्यांदा हसले. सरकारी कामात दुसरा टप्पा म्हणजे काय, हे त्या दोघांनाही पुरेपूर ठाऊक होतं. पुढच्या मीटिंगमध्ये खळगा राहील असं लेखी ठरलं, आणि तो फव्वारा आजही फायलीत सुखाने नाचत असेल. त्या दिवशी निघताना साहेबांनी मावशींना बाजूला घेऊन विचारलं, "तो आज सचमुच कोई नहीं आ रहा?" मावशी म्हणाल्या, "कोई नहीं." साहेब म्हणाले, "फिर यह आप रखिए," आणि पुष्पगुच्छ त्यांच्या हातात दिला. ई-रिक्षात तो गुच्छ काकांच्या मांडीवर होता. घरी जाईपर्यंत काकांना शिंका येत होत्या.

बाग मग हळूहळू झाली. खिंडार बुजवण्याऐवजी रुंद केलं, त्यामुळे नदी दिसू लागली. शेवटी उरलेल्या मलब्यातल्या विटा वेचून त्यांच्याच वाटा केल्या. खळग्यात उतरायला दगडी पायऱ्या, काठाने इथलंच गवत आणि पांढऱ्या तुऱ्यांचा उंच कांस. मावशी गुडघ्याला पट्टा बांधून रोज येत आणि घडीच्या खुर्चीतून मला आणि गवंड्यांना सारखंच रागवत. पण नदी खळग्यात येईपर्यंत काही त्यांना थांबता आलं नाही. पावसाच्या आधीच सामानाचा ट्रक आला. निरोपाच्या दिवशी मावशी फ्लॅटभर फिरून कुठे काही राहिलं का ते पाहत होत्या आणि माझ्याशी मुद्दाम पाणी, वीज, किल्ल्या असंच बोलत होत्या. मी बंदगळा परत द्यायला घेऊन गेलो होतो. काका म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे. तुला लोक सलाम करतात. मला त्यात कुणी कधी केला नाही."

पावसाळ्यात नदी चढली तेव्हा पुण्याहून रोज मावशींचा फोन येई. पाणी कुठवर? मी फोटो पाठवतो म्हटलं तर म्हणाल्या, "फोटोत उतार दिसत नाही रे. नीट बघ आणि सावकाश लिहून पाठव." म्हणून मी लिहिलं. ते पत्र असं.

ती. मावशी आणि काकांस,
सा. न.

नदी आली. पहिल्या दिवशी ती खिंडारातून आत आली आणि खळग्यात बसली, तुम्ही म्हणाला होतात तशीच, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढून गवतावर आली. मी रात्रभर घाबरलेला होतो. सकाळी जाऊन पाहिलं तर पाणी लिंबाच्या पाराला लागून उभं होतं. तिथून पुढे ते गेलं नाही. गेटपाशी कोरडं होतं. मी रस्ता ओलांडून गल्लीत गेलो. तिथे घराघरांत चुली पेटल्या होत्या आणि एका आजींनी मला तिथे काय पाहतोस म्हणून हटकलं. 

ताऊंनी पारावर बसून पाण्याकडे पाठ करून डाव पूर्ण केला. मोठे साहेब गमबूट घालून आले होते. जाताना मला म्हणाले, "मैडम को बताइएगा." म्हणून सांगतो आहे.

पाणी उतरताना लिंबाजवळची आपली वाट गाळाखाली गेली. लोकांनी तिच्या डावीकडून, पाण्याच्या जास्त जवळून दुसरी पाडली आहे. तुमच्या आखणीत ती नव्हती. मी तिला हात लावलेला नाही.

बाबा आले होते. त्यांना खळग्यावर घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "यात तू बांधलं काय?" मी म्हटलं, पायऱ्या आणि वाटा. हा खळगा बांधला नाही, तो राहू दिला. त्यांना ते पटलं नाही. एवढ्या दूर येऊन, एवढं शिकून, राहू द्यायचं कसलं काम, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तुम्ही असता तर त्यांना समजावून सांगितलं असतं. मला ते अजून नीट सांगता येत नाही. पण ते संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाहीत.

तुम्ही दोघं दिवाळीच्या आधी या. दिवाळीनंतर धूर सुरू होतो आणि काकांना खोकल्याचा त्रास होतो. तोवर पाणी राहील असं वाटतं. नाहीच राहिलं, तर कांस तरी फुललेला असेल. कुठल्या गाडीने येताय ते कळवा, मी स्टेशनवर असेन.

तुमचा,
प्रल्हाद